अवजड यंत्रांच्या धुराचा इतिहास : डिझेल इंजिनांचे उत्सर्जन-नियंत्रण आणि देखभालीचा प्रश्न

सारांश

खाणी, धरणे, रस्ते आणि बोगदे यांच्या कामांत वापरल्या जाणाऱ्या अवजड यंत्रांना विसाव्या शतकात डिझेल इंजिनाने शक्ती पुरवली. या इंजिनांच्या धुरावर कायद्याचे नियंत्रण मात्र त्या शतकाच्या अखेरच्या दशकातच आले. प्रस्तुत शोधनिबंधात अमेरिका, युरोप आणि भारत येथील या नियंत्रणाची वाटचाल, त्यातून विकसित झालेली तंत्रे आणि त्या तंत्रांच्या देखभालीतून उभे राहिलेले प्रश्न यांचा ऐतिहासिक आढावा घेतला आहे. उत्सर्जनाच्या मर्यादा उत्तरोत्तर कठोर होत गेल्या, हा या इतिहासाचा अर्धाच भाग होय. प्रयोगशाळेत सिद्ध झालेली स्वच्छता कार्यस्थळी टिकवण्याची जबाबदारी कोणाची, हा त्याचा उरलेला अर्धा भाग आहे, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : डिझेल इंजिन, अवजड यंत्रसामग्री, उत्सर्जन मानके, कणगाळणी, युरिया द्रावण, देखभाल.

प्रस्तावना

डोंगर फोडून रस्ता काढणारा बुलडोझर, पाया खणणारे आणि महाराष्ट्रात 'पोकलेन' या नावानेच ओळखले जाणारे खननयंत्र, खाणीतून धातुक वाहून आणणारा डंपर ही आधुनिक विकासाची परिचित चित्रे आहेत. या चित्रांतील काळा धूर हा दीर्घकाळ कामाचाच एक स्वाभाविक भाग समजला गेला. धूर जितका दाट तितके इंजिन ताकदीचे, असाही एक समज चालकांमध्ये रूढ होता. आज नव्या यंत्राच्या धुराड्यातून दिसण्याजोगा धूर जवळजवळ निघत नाही. हा बदल सुमारे तीस वर्षांत घडून आला. त्यामागे रसायनशास्त्र, वैद्यकीय संशोधन, न्यायालयीन संघर्ष, तेलशुद्धीकरण आणि कार्यशाळेतील कारागिरी या सर्वांचा वाटा आहे. तंत्रज्ञानाच्या इतिहासात शोधांना आणि शोधकांना मोठे स्थान मिळते. परंतु शोध लागल्यानंतर ते साधन दिवसेंदिवस चालू ठेवणाऱ्यांचा विचार क्वचितच केला जातो. ही उणीव अंशतः भरून काढण्याचा प्रयत्न प्रस्तुत निबंधात केला आहे.

उद्दिष्टे

१. अवजड यंत्रांच्या डिझेल इंजिनांवरील उत्सर्जन-नियंत्रणाच्या विकासाचे टप्पे स्पष्ट करणे.
२. कणगाळणी, वायु-पुनराभिसरण आणि युरियाधारित उत्प्रेरक या तंत्रांची कार्यपद्धती व त्यांच्या मर्यादा समजून घेणे.
३. या तंत्रांमुळे देखभालीच्या स्वरूपात झालेला बदल आणि त्यातून निर्माण झालेले सामाजिक प्रश्न यांची चिकित्सा करणे.
४. भारतातील नियमनाचे या पार्श्वभूमीवर मूल्यमापन करणे.

अभ्यासपद्धती

निबंधासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून, कायदे, अधिसूचना, तांत्रिक मानके आणि आरोग्यविषयक प्रकाशित अभ्यास या दुय्यम साधनांचा आधार घेतला आहे.

डिझेल इंजिन आणि अवजड यंत्रांचे युग

रुडॉल्फ डिझेल यांना त्यांच्या इंजिनाच्या कल्पनेचे जर्मन पेटंट १८९३ मध्ये मिळाले आणि फेब्रुवारी १८९७ मध्ये आउग्सबुर्ग येथे त्यांच्या इंजिनाची यशस्वी चाचणी झाली. तत्कालीन वाफेच्या इंजिनांच्या तुलनेत त्याची कार्यक्षमता लक्षणीय होती. तथापि, प्रारंभीची डिझेल इंजिने जड आणि स्थिर स्वरूपाची होती. १९२७ मध्ये बॉश कंपनीने इंधन-अंतःक्षेपण पंपाचे नियमित उत्पादन सुरू केल्यावर ती आटोपशीर झाली आणि फिरत्या यंत्रांवर बसवणे शक्य झाले. १९३१ मध्ये अमेरिकेतील कॅटरपिलर कंपनीने 'डिझेल सिक्स्टी' हा साखळीपट्ट्यांवर चालणारा ट्रॅक्टर बाजारात आणला. कमी गतीला अधिक ओढ, इंधनाची बचत आणि दीर्घ आयुष्य या गुणांमुळे पुढील काही दशकांत मातीकामाच्या यंत्रांत डिझेलला स्पर्धक उरला नाही.

स्वातंत्र्योत्तर भारतानेही हाच मार्ग स्वीकारला. १९६२ मध्ये पुण्यात किर्लोस्कर कमिन्स ही कंपनी स्थापन झाली आणि १९६४ मध्ये भारत अर्थ मूव्हर्स हा सार्वजनिक उपक्रम अस्तित्वात आला. वाहन-संशोधन आणि चाचणीचे काम करणारी ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्थाही १९६६ पासून पुण्यातच आहे. डिझेल इंजिनांची निर्मिती आणि त्यांच्या उत्सर्जनाची चाचणी या दोन्हींशी पुण्याचा संबंध असा जुना आहे.

धुराचे रसायन आणि धुराचा रोग

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा अतिशय दाबून तापवली जाते आणि तीत इंधनाचा फवारा सोडला की ते आपोआप पेट घेते. इंधन आणि हवा यांचे मिश्रण सर्वत्र सारखे होत नाही. जेथे इंधन जास्त आणि हवा कमी, तेथे काजळी तयार होते. जेथे ज्वलन अतिशय उष्ण असते, तेथे हवेतील नायट्रोजन आणि ऑक्सिजन यांच्या संयोगातून नायट्रोजनची ऑक्साइडे तयार होतात. इंधनाचा फवारा थोडा उशिरा सोडला तर तापमान उतरते आणि ऑक्साइडे कमी होतात. परंतु काजळी आणि इंधनाचा खर्च वाढतो. फवारा लवकर सोडला तर नेमके उलट घडते. एक दोष दाबला की दुसरा डोके वर काढतो, ही अडचण डिझेल-नियंत्रणाच्या संपूर्ण इतिहासाच्या मुळाशी आहे.

या धुराच्या आरोग्यविषयक परिणामांची खात्री पटण्यास बराच काळ गेला. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्ये डिझेलच्या धुराचे वर्गीकरण 'मानवात बहुधा कर्करोगकारक' असे केले. त्यानंतर अमेरिकेतील आठ अधातू खाणींतील १२,३१५ कामगारांचा दीर्घकालीन अभ्यास हाती घेण्यात आला. त्याचे निष्कर्ष मार्च २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. धुराशी संपर्क जितका अधिक तितका फुफ्फुसाच्या कर्करोगाने मृत्यू येण्याचा धोका अधिक, असे त्यात आढळून आले. त्याच वर्षी जूनमध्ये संस्थेने डिझेलचा धूर 'मानवात कर्करोगकारक' या पहिल्या गटात टाकला. येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. हा निर्णायक पुरावा शहरातील वाहतुकीतून न मिळता जमिनीखाली अवजड यंत्रांसोबत काम करणाऱ्या माणसांच्या आयुष्यातून मिळाला. यंत्रांच्या धुराची किंमत प्रथम चालक, फिटर आणि खाणकामगार यांनीच मोजली होती.

नियमनाचा उशीर आणि आरंभ

रस्त्यावरील वाहनांच्या धुरावर अमेरिकेत १९७० च्या स्वच्छ हवा कायद्यापासून कठोर नियंत्रण येऊ लागले. अवजड यंत्रे मात्र त्याबाहेर राहिली. याची काही कारणे स्पष्ट दिसतात. ही यंत्रे शहराबाहेर, कुंपणाआड काम करतात. त्यांतील बहुतेकांना रस्त्यावरील वाहनाप्रमाणे नोंदणी क्रमांकाची गरज नसते. एकच इंजिन लोडरमध्ये, पंपावर किंवा जनरेटरवर बसवले जाते. त्यामुळे किलोमीटरमागे किती धूर, हे वाहनांचे माप येथे निरुपयोगी ठरते. यासाठी इंजिनच चाचणी-मंचावर ठेवून प्रत्येक किलोवॅट-तास ऊर्जेमागे किती ग्रॅम प्रदूषक निघते, हे माप स्वीकारावे लागले.

१९९० मध्ये स्वच्छ हवा कायद्यात दुरुस्ती होऊन रस्त्याबाहेरील इंजिनांचे नियमन करण्याचा अधिकार अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेला मिळाला. १९९४ मध्ये पहिल्या टप्प्याची मानके ठरली आणि ती १९९६ पासून शक्तिगटांनुसार लागू होत गेली. १९९८ मध्ये दुसऱ्या व तिसऱ्या टप्प्याची, तर मे २००४ मध्ये चौथ्या टप्प्याची मानके जाहीर झाली. या प्रवासाची व्याप्ती आकड्यांतून स्पष्ट होते. १३० ते ५६० किलोवॅटच्या इंजिनांना पहिल्या टप्प्यात किलोवॅट-तासामागे ९.२ ग्रॅम नायट्रोजन ऑक्साइडे आणि ०.५४ ग्रॅम कणपदार्थ सोडण्याची मुभा होती. चौथ्या टप्प्याच्या अंतिम मर्यादा अनुक्रमे ०.४० आणि ०.०२ ग्रॅम आहेत. चौथ्या टप्प्याचे नियम पूर्णपणे अमलात आल्यावर २०३० मध्ये दरवर्षी सुमारे १२,००० अकाली मृत्यू टळतील, असा संस्थेचा तेव्हाचा अंदाज होता.

युरोपीय संघाने १९९७ च्या निर्देशाद्वारे आपल्या टप्प्यांना आरंभ केला. २०१६ च्या विनियमाने आलेल्या पाचव्या टप्प्यात केवळ कणांचे वजनच नव्हे, तर त्यांची संख्याही मर्यादित करण्यात आली. अतिसूक्ष्म कण वजनाला नगण्य असले तरी फुफ्फुसात खोलवर शिरतात, ही जाणीव त्यामागे होती.

आल्प्सच्या बोगद्यांतील धडा

कणांच्या संख्येचा हा विचार युरोपात ज्या ठिकाणी रुजला, ते ठिकाण अवजड यंत्रांच्या इतिहासात महत्त्वाचे आहे. १९९० च्या दशकात स्वित्झर्लंडमध्ये आल्प्स पर्वताखालून रेल्वेचे दीर्घ बोगदे खणण्याची योजना आकाराला येत होती. त्यांपैकी गोटहार्ड हा ५७ किलोमीटरचा बोगदा २०१६ मध्ये खुला झाला. एवढ्या खोल, बंदिस्त जागेत डिझेल यंत्रे चालवायची तर केवळ वायुवीजनावर विसंबणे पुरेसे नव्हते. म्हणून स्वित्झर्लंड, ऑस्ट्रिया आणि जर्मनी येथील कामगार-सुरक्षा संस्थांनी 'व्हर्ट' या नावाने ओळखला जाणारा संयुक्त प्रकल्प हाती घेतला. त्यात प्रत्यक्ष बांधकामयंत्रांवर निरनिराळे उपाय तपासण्यात आले. केवळ ऑक्सिडीकरण करणाऱ्या उत्प्रेरकाने अतिसूक्ष्म घन कणांचा प्रश्न सुटत नाही. चांगल्या गाळण्या मात्र हे कण जवळजवळ पूर्णपणे अडवू शकतात, असे दिसून आले. पुढे स्वित्झर्लंडने बोगद्यांच्या कामात आणि नंतर खुल्या बांधकामांवरील यंत्रांनाही कणगाळणी सक्तीची केली.

या प्रयोगाचे वैशिष्ट्य म्हणजे त्याचा आरंभ कामगाराच्या श्वासापासून झाला. शिवाय येथे जुन्या यंत्रांनाही गाळण्या बसवण्यात आल्या. अमेरिकेतही २००१ मध्ये भूमिगत धातू व अधातू खाणींसाठी डिझेल कणपदार्थांचे नियम झाले आणि २००८ पासून खाणीतील हवेत दर घनमीटरला १६० मायक्रोग्रॅम एकूण कार्बन ही अंतिम मर्यादा लागू झाली. इंजिनातून काय निघते आणि माणूस काय श्वासात घेतो, ही दोन भिन्न मापे आहेत, याची जाणीव या नियमांतून दृढ झाली.

नियंत्रणाची तीन साधने

चौथ्या टप्प्याच्या मर्यादा गाठण्यासाठी केवळ ज्वलनातील सुधारणा पुरेशी नव्हती. म्हणून तीन साधनांचा कमी-अधिक प्रमाणात वापर झाला.

पहिले साधन वायु-पुनराभिसरणाचे. धुराचा काही भाग थंड करून पुन्हा इंजिनात सोडला जातो. त्यामुळे ज्वलनाचे तापमान घटते आणि नायट्रोजनची ऑक्साइडे कमी होतात. परंतु त्याबरोबर काजळी वाढते आणि झडप व शीतक यांवर तिची पुटे चढतात.

दुसरे साधन कणगाळणीचे. मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या सच्छिद्र सिरॅमिक ठोकळ्यातील नलिका एकाआड एक बंद केलेल्या असतात. धुराला भिंतीतून आरपार जावे लागते आणि काजळी मागे राहते. १९८५ मध्ये कॅलिफोर्नियासाठीच्या मर्सिडीज मोटारींत अशी गाळणी बसवली गेली. परंतु ती तंत्रदृष्ट्या अपुरी ठरून मागे घ्यावी लागली. गाळणे तुलनेने सोपे होते. साचलेली काजळी जाळणे अवघड होते. काजळी स्वतःहून पेटण्यास सुमारे ६०० अंश सेल्सिअस तापमान लागते आणि धूर सामान्यतः इतका तापत नाही. नायट्रोजन डायऑक्साइडच्या साहाय्याने हीच काजळी बऱ्याच कमी तापमानाला जळते, या तत्त्वावर आधारलेली उत्प्रेरकयुक्त गाळणी १९९० च्या दशकात व्यवहारात आली आणि मार्ग मोकळा झाला.

तिसरे साधन निवडक उत्प्रेरकी क्षपणाचे, म्हणजेच प्रचलित भाषेत 'एससीआर'चे. ३२.५ टक्के युरिया असलेले शुद्ध द्रावण तप्त धुरात फवारले जाते. उष्णतेने युरियापासून अमोनिया तयार होतो आणि उत्प्रेरकावर नायट्रोजनच्या ऑक्साइडांशी त्याची क्रिया होऊन नायट्रोजन वायू व पाणी उरते. वीजकेंद्रांसाठी १९७० च्या दशकात जपानमध्ये विकसित झालेले हे तंत्र २००५ च्या सुमारास युरोपातील ट्रकांवर आणि नंतर अवजड यंत्रांवर आले.

या सर्वांना एक पूर्वअट होती, ती म्हणजे गंधकमुक्त इंधन. गंधक उत्प्रेरकाला निकामी करते आणि सल्फेटचे कण वाढवते. म्हणूनच अमेरिकेत रस्त्याबाहेरील यंत्रांच्या डिझेलमधील गंधकाची मर्यादा २००७ मध्ये दशलक्ष भागांत ५०० भागांपर्यंत आणि २०१० मध्ये १५ भागांपर्यंत खाली आणली गेली. इंजिनाचा कायदा प्रत्यक्षात आणण्यासाठी तेलशुद्धीकरण कारखाने बदलावे लागले.

देखभालीचे बदललेले शास्त्र

जुन्या पिढीतील मेकॅनिक धुराच्या रंगावरून इंजिनाची प्रकृती ओळखत असे. काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा इंधन जास्त. निळा धूर म्हणजे वंगणतेल जळत आहे. पांढरा धूर म्हणजे इंधन न जळता जात आहे किंवा शीतकाचे पाणी आत शिरत आहे. वैद्याने नाडी पाहावी तसे हे निदान होते. कणगाळणीने हे लक्षणच झाकून टाकले. इंजेक्टर गळत असेल किंवा टर्बोचार्जरमधून तेल झिरपत असेल, तरी धुराड्यातून स्वच्छ हवाच बाहेर येते. रोग वाढत राहतो आणि गाळणी वारंवार तुंबू लागते. अशा वेळी केवळ गाळणी साफ करणे म्हणजे मूळ व्याधी सोडून तापावर औषध देण्यासारखे आहे. निदानाचे साधन आता धूर राहिले नाही. दाबमापक, तापमापक आणि संगणकीय दोषसंकेत यांनी त्याची जागा घेतली.

यंत्र कसे चालवले जाते, यालाही नवे महत्त्व आले. काम नसताना इंजिन तासन् तास सुरू ठेवण्याची सवय बांधकामांवर सर्वत्र आढळते. अशा रिकाम्या चालण्यात धूर पुरेसा तापत नाही, काजळी जळत नाही आणि गाळणी भरत जाते. मग इंजिन अधिक इंधन वापरून गाळणी तापवते; तेही साधले नाही तर यंत्र थांबवून ही शुद्धिक्रिया करावी लागते. घाईच्या कामात चालक ती वारंवार पुढे ढकलतो आणि शेवटी गाळणी काढून कार्यशाळेत न्यावी लागते.

काजळी जळते, राख जळत नाही. वंगणतेलातील धातुयुक्त घटकांची राख गाळणीत कायमची साचते आणि ठरावीक तासांनंतर ती काढून स्वच्छ करावी लागते. म्हणून अशा इंजिनांना कमी राखेचे तेल आवश्यक असते. स्वस्तातले अयोग्य तेल वापरल्यास तेलात वाचलेले पैसे गाळणीत जातात.

युरिया द्रावणाच्या बाबतीत भारतीय वाचकाला एक भेद विशेष ध्यानात घ्यावा लागेल. शेतीचा युरिया पाण्यात विरघळवून हे द्रावण बनवता येईल, असा मोह होणे स्वाभाविक आहे. परंतु आंतरराष्ट्रीय मानकानुसार या द्रावणात बाययुरेटचे प्रमाण ०.३ टक्क्यांहून अधिक चालत नाही, तर खत म्हणून विकल्या जाणाऱ्या युरियात ते १.५ टक्क्यांपर्यंत मान्य आहे. शिवाय भारतात २०१५ पासून शेतीच्या युरियाला निंबोळी तेलाचे आवरण सक्तीचे आहे. अशा द्रावणाने फवारणीची तोटी चोंदते आणि उत्प्रेरक खराब होतो. शेतकऱ्यांसाठी अनुदानावर दिलेले खत अशा रीतीने वळवणे गैर आहे, हे वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही.

पळवाटा, अवलंबित्व आणि दुरुस्तीचा हक्क

नियंत्रण आले तसे ते चुकवण्याचे मार्गही आले. ऑक्टोबर १९९८ मध्ये अमेरिकेत सात इंजिन-उत्पादकांशी सरकारची मोठी तडजोड झाली. त्यांच्या सुमारे १३ लाख ट्रक-इंजिनांतील संगणकीय नियंत्रण चाचणीत एक आणि महामार्गावर दुसरेच वर्तन करीत होते. इंधन वाचवण्यासाठी फवारा लवकर सोडला जाई आणि ऑक्साइडे वाढत. उत्पादकांना ८ कोटी ३४ लाख डॉलर दंड झाला. अवजड यंत्रांच्या काही इंजिनांना तिसऱ्या टप्प्याची मानके मुदतीपूर्वी, म्हणजे २००५ पासून पाळण्याची अटही या तडजोडीत होती. वापरकर्तेही यात मागे राहिले नाहीत. पर्यावरण संरक्षण संस्थेच्या नोव्हेंबर २०२० च्या अहवालानुसार, आधीच्या दशकात साडेपाच लाखांहून अधिक डिझेल पिकअप ट्रकांची नियंत्रणसाधने काढून टाकण्यात आली होती.

तथापि, अशा प्रत्येक कृतीमागे केवळ बेपर्वाई होती असे मानणे योग्य ठरणार नाही. युरियाची टाकी रिकामी झाल्यास किंवा संवेदकात दोष आल्यास यंत्राची शक्ती आपोआप घटावी, अशी योजना नियमांमुळे इंजिनांत करण्यात आली. परिणामी कापणीच्या ऐन हंगामात किंवा दुर्गम कार्यस्थळी एका संवेदकापायी यंत्र बंद पडू लागले. दोषसंकेत वाचण्याचे सॉफ्टवेअर उत्पादकांच्या हाती असल्याने मालकाला स्वतः दुरुस्ती करणे कठीण झाले. यातून 'दुरुस्तीचा हक्क' ही चळवळ बळावली. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने याच मुद्द्यावर शेतीयंत्रांच्या एका बड्या उत्पादकाविरुद्ध दावा दाखल केला. ऑगस्ट २०२५ मध्ये पर्यावरण संरक्षण संस्थेने यंत्राची शक्ती अचानक न घटता चालकाला दुरुस्तीस पुरेसा अवधी मिळावा, यासाठी सॉफ्टवेअर बदलण्याचे मार्गदर्शन उत्पादकांना केले.

अवलंबित्वाचे आणखी एक रूप दक्षिण कोरियात दिसले. ऑक्टोबर २०२१ मध्ये चीनने युरियाच्या निर्यातीवर निर्बंध आणले. औद्योगिक युरियासाठी जवळजवळ संपूर्णपणे चीनवर विसंबून असलेल्या कोरियात द्रावणाचा तुटवडा झाला. अखेर लष्करी विमानाने ऑस्ट्रेलियाहून २७,००० लिटर द्रावण आणावे लागले. हवा शुद्ध ठेवणारी व्यवस्था एका रसायनाच्या पुरवठ्यावर कशी तोलून राहते, याचे हे बोलके उदाहरण होय.

भारतातील वाटचाल

भारतात केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ अन्वये बांधकाम-यंत्रवाहनांची मानके ठरतात. दुसऱ्या टप्प्याची मानके २००७ पासून, तर तिसऱ्या टप्प्याची एप्रिल २०११ पासून अमलात आली. चौथा टप्पा मात्र एप्रिल २०२१ मध्ये आला. या दहा वर्षांच्या अंतरामागील एक प्रमुख कारण इंधनात सापडते. दशलक्ष भागांत १० भाग गंधक असलेले डिझेल देशभर १ एप्रिल २०२० पासून उपलब्ध झाले. त्यापूर्वी गाळणी आणि उत्प्रेरक सर्वत्र सक्तीचे करणे तंत्रदृष्ट्या सुरक्षित नव्हते. ५० अश्वशक्तीवरील ट्रॅक्टरांना चौथा टप्पा जानेवारी २०२३ पासून आणि बांधकाम-यंत्रवाहनांना पाचवा टप्पा जानेवारी २०२५ पासून लागू झाला. त्यामुळे कणांच्या संख्येची मर्यादा भारतीय यंत्रांनाही आली.

या व्यवस्थेच्या तीन मर्यादा नोंदवणे आवश्यक आहे. पहिली व्याख्येची. नियमांतील व्याख्या रबरी चाकांवर वा पोलादी रोलरवर चालणाऱ्या आणि रस्त्यावर येऊ शकणाऱ्या यंत्रांभोवती रचलेली आहे. पोलादी साखळीपट्ट्यांवरील खननयंत्रे या शब्दांच्या कक्षेबाहेर राहतात. दुसरी मर्यादा काळाची. मानके नव्या यंत्रांना लागू होतात. जुनी यंत्रे हात बदलत वर्षानुवर्षे काम करीत राहतात. स्वित्झर्लंडप्रमाणे जुन्या बांधकामयंत्रांना गाळण्या बसवण्याचे देशव्यापी धोरण भारतात आखले गेलेले नाही. तिसरी मर्यादा कौशल्याची. लहान कंत्राटदाराचे यंत्र हमीचा काळ संपताच तालुक्याच्या गावातील गॅरेजमध्ये येते. तेथील मेकॅनिकपाशी अनुभव असतो. दोषसंकेत वाचण्याचे साधन आणि राख काढण्याची सोय मात्र असेलच असे नाही. अशा वेळी गाळणी फोडून रिकामी करणे हा त्याला सर्वांत सोपा उपाय वाटल्यास नवल नाही. परंतु त्या क्षणी मानकांचे सर्व टप्पे व्यर्थ ठरतात आणि धूर पुन्हा त्याच्याच श्वासात परत येतो.

निष्कर्ष

१. अवजड यंत्रांच्या उत्सर्जन-नियंत्रणाचा पाया कामगारांच्या आरोग्यविषयक अनुभवातून घातला गेला. भूमिगत खाणी आणि बोगदे ही त्याची पहिली प्रयोगशाळा होती.

२. इंजिन, इंधन, वंगणतेल आणि युरिया द्रावण ही एकच साखळी आहे. तिचा एक दुवा निकृष्ट असल्यास बाकीचे निरुपयोगी ठरतात. भारतातील चौथ्या टप्प्याला झालेला विलंब याचीच साक्ष देतो.

३. नियंत्रणसाधनांनी देखभालीचे ज्ञान कारागिराच्या डोळ्यांतून संगणकाच्या पडद्यावर नेले. हे ज्ञान उत्पादकापुरते मर्यादित राहिल्यास नियम मोडण्याची प्रवृत्ती वाढते. म्हणून दुरुस्तीची साधने व माहिती सुलभ असणे ही पर्यावरणरक्षणाचीही गरज आहे.

४. भारतात नव्या यंत्रांची मानके प्रगत देशांच्या जवळ आली आहेत. जुनी यंत्रे, व्याख्येबाहेरील यंत्रे आणि ग्रामीण कार्यशाळा यांचा विचार मात्र अजून व्हावयाचा आहे. औद्योगिक प्रशिक्षण संस्था आणि अभियांत्रिकी महाविद्यालये यांनी परिसरातील मेकॅनिक व चालकांसाठी अल्पकालीन अभ्यासक्रम चालवल्यास ही दरी काही अंशी भरून निघू शकेल.

एकंदरीत, स्वच्छ धूर एकदा कारखान्यात सिद्ध करून भागत नाही. योग्य तेल, शुद्ध द्रावण आणि वेळेवर साफ केलेली गाळणी यांतून तो रोज नव्याने सिद्ध करावा लागतो. ही जबाबदारी ज्यांच्या हाती येते, ते चालक आणि मेकॅनिकच या धुराचे पहिले बळी होते. त्यांना ज्ञान आणि साधने देणे हा या इतिहासातून निघणारा सर्वांत महत्त्वाचा बोध होय.